बांधणी मोडते, तेव्हा वाचायचे कोणी?

मराठी विभागांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येते : "ते कम्प्युटरचं आहे, त्या मुलाला विचारा." हा मुलगा प्रत्येक विभागात असतो. कधी तो कार्यालयातला कारकून असतो, कधी विज्ञानशाखेतला एखादा विद्यार्थी, कधी नाक्यावरचा डीटीपीवाला. शोधनिबंधातली जोडाक्षरे फुटली, नियतकालिकाचा अंक पीडीएफमध्ये उतरेना, की त्याला हाक मारली जाते. तो येतो, काहीतरी करतो, "झालं, सर" म्हणतो, आणि आपण त्याचे आभार मानून पुन्हा संहितेच्या अनेकार्थतेवर बोलू लागतो. त्याने नेमके काय केले, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ते विचारले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. कारण घाईघाईने तो पुष्कळदा जे करतो, त्याला आपल्याच शास्त्रात पाठात ढवळाढवळ करणे असे म्हणतात.

विषय जरा नीट मांडू. आमच्यापैकी काही जण गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका लाकडी माडीवर, महिन्यातले दोन रविवार जमतात. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी मराठी पुस्तके नव्याने टंकित करावीत, ताडून पाहावीत आणि कोणालाही मुक्तपणे वापरता येतील अशा रूपात ठेवावीत, एवढाच उद्योग. पुस्तकाचे प्रत्येक प्रकरण ही एक साधी मजकुराची फाईल असते. या सगळ्या फायली क्रमाने घेणे, त्यांना फॉन्ट लावणे, पाने पाडणे, अनुक्रमणिका काढणे, छापण्यायोग्य प्रत आणि मोबाइलवर वाचण्याची प्रत तयार करणे, ही कामे ज्या सूचनांच्या यादीप्रमाणे संगणक करतो तिला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. मराठीत आम्ही तिला बांधणीची संहिता म्हणतो. पुस्तकबांधणीचा बांधणी हा शब्द इथे आयता उपयोगी पडतो, आणि नाटकाच्या संहितेप्रमाणे हीदेखील प्रयोगासाठी लिहिलेली असते : कोणी कधी प्रवेश करायचा आणि कोणाच्या आधी कोण बोलायचे, हे तीत ठरलेले असते.

ही बांधणी मोडते. वारंवार मोडते. आणि मोडली की पडद्यावर इंग्रजीत तीस-चाळीस ओळी ओतल्या जातात. त्या ओळी वाचणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. आमचे उत्तर होकारार्थी आहे, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

ज्या परिसरात बसून आम्ही हे लिहीत आहोत, त्याचा इतिहास 'नाही' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तो इथून चालत जाण्याच्या अंतरावर, काळबादेवीच्या बाजूला. जावजी हे खिळ्यांच्या ओतकामातून वर आलेले गृहस्थ. देवनागरीचा खिळा कसा कापला तर वेलांटी तुटत नाही, हे त्यांच्या छापखान्याला ठाऊक होते, म्हणूनच संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांनी निर्णयसागरच्या प्रती प्रमाण मानल्या. पुढे विसाव्या शतकात याच गिरगावात, खटाववाडीत, मौजेचा छापखाना आणि मौजेचे संपादन यांचा एकमेकांशी रोजचा व्यवहार होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची मुद्रितांवरची नजर मराठीत दंतकथेसारखी सांगितली जाते. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडली तेव्हा एका वाङ्मयीन दृष्टीबरोबर ही शिस्तही संपते की काय, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. त्या शिस्तीत मुद्रिते वाचणे हे 'त्या मुलाचे' काम नव्हते. संपादक जुळाऱ्याशी बोलत असे, आणि जुळाऱ्याला आपण कोणाचे वाक्य जुळवीत आहोत हे माहीत असे. तंत्र एकीकडे आणि वाङ्मय दुसरीकडे ही वाटणी परंपरेने आलेली नाही. ती अलीकडची आहे, आणि आपल्या सोयीची आहे.

आता एरर कशी वाचायची ते पाहू. पहिला नियम असा, की शेवटची ओळ पाहून घाबरू नये, वर जाऊन पहिली चूक शोधावी. चाळीस तक्रारींपैकी बहुतेक एकाच तक्रारीच्या लेकी-सुना असतात. एक कंस बंद झालेला नसतो, आणि त्यापुढचे सारे प्रकरण संगणकाला अर्थहीन दिसू लागते. (एकाच वेळी अनेक कामे चालवणारी बांधणी असेल तर ओळींची सरमिसळ होते. तेव्हा आधी कामे एकामागून एक चालवावीत आणि मग पहिली ओळ शोधावी.) पाठचिकित्सेच्या वर्गात आपण हेच शिकवतो. भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. वि. स. सुखठणकरांनी त्याला शास्त्रीय पाया घालून दिला आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. हस्तलिखितांचा वंशवृक्ष मांडण्यामागचे तत्त्व कोणते? वीस पोथ्यांत एकच चूक सापडली तर ती वीस चुका नव्हेत. त्या सर्वांच्या एका पूर्वज पोथीत झालेली ती एकच चूक आहे. ज्याला हे समजते, त्याला चाळीस ओळींची एरर वाचता येते. ज्याला समजत नाही, तो चाळीस ठिकाणी मलमपट्टी करतो.

दुसरे उदाहरण. बांधणीच्या सूचना लिहिण्याचे 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केले. ते आजही वापरात आहे. त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध एरर अशी : 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' अर्थात विभाजक नाही, थांबलो. कारण काय, तर सूचनेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते, आणि कोणीतरी तिथे टॅबऐवजी साध्या मोकळ्या जागा दिलेल्या असतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसते. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. डझनभर माणसांच्या सोयीसाठी राहिलेली रूढी पुढे जगाने पाळली. लेखनाच्या रूढी कशा टिकतात, याचे इतके नेमके उदाहरण भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सहज मिळणार नाही.

तिसरे उदाहरण थेट मराठीचे आहे, आणि आमच्या माडीवरचे आहे. एका प्रकरणाच्या फाईलचे नाव 'दऱ्याखोरी' असे होते. बांधणी थांबली : 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी', अशी फाईल नाही. फाईल तर समोर दिसत होती, नावही तेच. मग त्या नावातली बाइट्स मोजली. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : एकसंध ऱ म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा जोडीने. पहिल्याला तीन बाइट्स लागतात, दुसऱ्याला सहा. मॅक संगणकांची २०१७ पर्यंत प्रचलित असलेली फाईलव्यवस्था नावे सुटी करून ठेवीत असे. फाईल तशा एका जुन्या डिस्कवरून आलेली होती, आणि बांधणीच्या संहितेत मात्र एकसंध ऱ टंकलेला होता. लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे. याशिवाय तिसरीही रीत आहे : र, हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तीही तशीच दिसते. पहिल्या दोन रीती युनिकोड समान मानते, तिसरी नाही.

'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला भेद आपण व्याकरणाच्या पहिल्या वर्षी शिकवतो. अर्ध्या र ची ही खूण मराठीची खास आहे, हिंदीला तिची गरज पडत नाही, हेही अभिमानाने सांगतो. तेच अक्षर तीन प्रकारे साठवले जाते आणि त्यामुळे शोध, अनुक्रम, शब्दसूची सर्व बिघडू शकते, हे मात्र 'तांत्रिक' म्हणून सोडून देतो. हे तांत्रिक कसे? एका अक्षराची तीन लेखनरूपे, त्यांतली दोन समान मानलेली आणि एक न मानलेली, हा पाठभेद नव्हे तर दुसरे काय?

चौथे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण त्यात एरर येतच नाही. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवीत, आणि अनेक जण आजही देतात. युनिकोड या दोहोंना समान मानत नाही, म्हणून एका रूपाने शोधले तर दुसरे सापडत नाही. शिवाय त्याआधी तयार झालेल्या कित्येक फॉन्टमध्ये नवे अक्षर नाहीच. अशा फॉन्टने पुस्तक बांधायला घेतले तर काय होते? पाने जुळवणारे झीटेक हे साधन नोंदवहीत लिहिते, की या फॉन्टमध्ये हे अक्षर नाही. आणि पुढे जाते. बांधणी यशस्वी ठरते, प्रत तयार होते. फक्त 'ॲरिस्टॉटल'चा आरंभ रिकामा राहतो. हजार पानांच्या ग्रंथात अशा रिकाम्या जागा कोण मोजणार? नोंदवही वाचणारा मोजेल. २०२१ पासून टेकमध्ये अशी सोय आहे, की एक आकडा बदलला तर गहाळ अक्षराला एरर मानून तसे बजावले जाते. तो आकडा बदलण्याचा निर्णय संपादकीय आहे. वाचकाला गाळीव पाठ द्यायचा की नाही, हे 'त्या मुलाने' का ठरवावे?

आणि तो कसे ठरवतो, तेही सांगितले पाहिजे. संगणकाच्या आज्ञांच्या भाषेत एक प्रसिद्ध पळवाट आहे. जी आज्ञा अपयशी ठरते तिच्यापुढे दोन उभ्या रेघा काढायच्या आणि 'ट्रू' असे लिहायचे. अर्थ असा, की हे जमले तर ठीक, न जमल्यास खरे समजावे. एरर नाहीशी होते. बांधणी हिरवी दिसू लागते. "झालं, सर" या दोन शब्दांमागे पुष्कळदा या दोन रेघा असतात. साहित्याच्या अभ्यासकाला या ओळीने दचकवले पाहिजे. अपयशाला सत्य हे नाव देणारी ही ओळ एखाद्या ग्रंथाच्या निर्मितीत बसलेली असते, आणि त्या ग्रंथावर परिसंवाद करणाऱ्यांपैकी कोणालाही ती दिसत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या मिसळू नयेत अशी ताकीद दिली. पाठाची इतकी काळजी घेणाऱ्या परंपरेचे आपण वारस म्हणवतो.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप : प्रत्येकाने सर्व काही शिकावे का? कवितेच्या अभ्यासकाने सुतारकामही शिकायचे का? आमची मागणी एवढी मोठी नाही. कोणीही मराठीच्या प्राध्यापकाला संगणकाची भाषा घडवायला सांगत नाही. मोडी वाचता येणारा अभ्यासक कागद बनवायला शिकलेला नसतो, पण कागद कोठे फाटला आहे आणि शाई कोठे पसरली आहे हे त्याला वाचता येते. तेवढेच इथे हवे. एरर मजकूर म्हणून वाचावी : कोणी म्हटले, कोणत्या ओळीबद्दल म्हटले, त्याआधी काय घडले. कालपर्यंत बांधणी होत होती आणि आज होत नाही, तर मधल्या बदलांच्या यादीच्या मध्यावर जावे, तिथे बांधून पाहावे, आणि चूक ज्या अर्ध्यात आहे तो अर्धा पुन्हा निम्मा करावा. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. एखादा पाठ कोणत्या आवृत्तीत शिरला हे शोधताना आपणही मधली आवृत्ती उघडतोच की.

दुसरा आक्षेप : हे सगळे इंग्रजीत आहे. खरे आहे, आणि खेदाचेही आहे. पण हीच मंडळी फूको आणि देरिदा इंग्रजी भाषांतरांतून वाचतात आणि त्यांच्या परिभाषेसाठी मराठी प्रतिशब्दांवर वर्षानुवर्षे वाद घालतात. 'मिसिंग सेपरेटर'ला प्रतिशब्द शोधावासा कोणाला वाटत नाही, याचे कारण भाषा नसून प्रतिष्ठा आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे : आता कृत्रिम बुद्धिमत्ता एरर दुरुस्त करून देते, मग आपण का शिणावे? देते खरी, आणि आम्हीही तिचा उपयोग करतो. पण तिला एरर घालवायला सांगितले की ती घालवण्याचा जवळचा मार्ग सुचवू शकते, आणि जवळच्या मार्गांत वरच्या दोन रेघाही येतात, अडचणीच्या अक्षराच्या जागी सोपे अक्षर घालणेही येते. कठीण पाठ सोपा करून टाकणारा लेखनिक पाठचिकित्सेला जुनाच परिचित आहे. म्हणून तर दोन पाठांपैकी कठीण पाठाकडे झुकावे असे आपण शिकवतो. यंत्राची दुरुस्ती स्वीकारायची की नाकारायची, हे ठरवायला ती वाचता आली पाहिजे.

चौथा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो : पीडीएफ आहे ना, मग झाले. खोताच्या वाडीत बसल्यावर या आक्षेपाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी. पुढे इथे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरे बांधली. एकेकाळी पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात. आज त्यांची तिशीही भरत नाही. बाहेरून चढणारे जिने, लाकडी सज्जे आणि कौलारू छपरे यांची छायाचित्रे घ्यायला रोज कोणी ना कोणी येते. छायाचित्रांत वाडी उत्तम जतन झालेली आहे. पण तुळई कुजली तर छायाचित्रातून नवी तुळई काढता येत नाही. त्यासाठी सांधा कसा बसवलेला होता हे जाणणारा सुतार लागतो. पीडीएफ हे ग्रंथाचे छायाचित्र आहे. मूळ फायली, फॉन्ट आणि बांधणीची संहिता हा त्याचा सांधा आहे. आणि सांधा जपावा लागतो, कारण बांधणीची संहिताही कुजते. पायथन २ या भाषेचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. तीत लिहिलेली बांधणी आज नव्या संगणकावर चालवली तर ती बहुधा 'प्रिंट' या शब्दापाशीच अडखळते, कारण नव्या आवृत्तीत त्यापुढे कंस लागतो. संहितेतले एक अक्षरही बदललेले नसते. तिच्या भोवतीची भाषा बदललेली असते. जुनी मराठी वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नसावी.

पणाला काय लागले आहे, तेही स्पष्ट लिहू. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही मराठी प्रकाशनव्यवहाराने आपला मजकूर खासगी फॉन्टांच्या खासगी संकेतांत जुळवला. आयएस १३१९४ हे भारतीय प्रमाण १९९१ मध्येच उपलब्ध होते, पण डीटीपीच्या दुकानात ते पोहोचले नाही. त्या फायली आज उघडल्या तर फॉन्टअभावी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्यांतून पाठ परत मिळवायचा तर रूपांतराची स्क्रिप्ट लागते, ती मोडते, आणि मोडली की कोणीतरी बसून वाचावे लागते : ही वेलांटी कोणत्या व्यंजनाची, हा रफार मागच्या अक्षरावरचा की पुढच्या. हे मराठी जाणणाराच ठरवू शकतो. त्या काळातली कादंबरी, कविता, दिवाळी अंक, विभागांचे प्रबंध या सगळ्याचे भवितव्य अशा वाचकावर अवलंबून आहे. त्या वाचकाला आपण घडवत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण दोन हजार वर्षांच्या शिलालेखांचे दाखले दिले. तीस वर्षांपूर्वीची फाईल मात्र आपल्याला उघडता येत नाही.

आमची मागणी मोठी नाही. एम.ए.च्या पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत विद्यार्थ्याने एक छोटा मराठी ग्रंथ मूळ फायलींपासून बांधावा, तो मोडला की एरर वाचावी, आणि दुरुस्ती कोणती केली व का केली याची नोंद लिहावी. त्या नोंदीला पाठभेदांच्या तळटीपेइतकेच गुण द्यावेत. पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारताना पीडीएफबरोबर मूळ फायली आणि बांधणीची संहिता मागावी, आणि ती दुसऱ्याच्या संगणकावर चालवून पाहावी. न चालल्यास प्रबंध परत करावा, जसा संदर्भसूची नसल्यास करतो. आणि 'त्या मुलाला' पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, की बाबा रे, पहिली ओळ कोणती होती?